बांबू उडी: पहिली कोण, आणि ते ठरवायचं कुणी?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या जिल्ह्यात (नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढं तक्रार आहे) जिल्ह्यातल्या 'आद्य खेळाडूं'चा एक फलक लागणार आहे. त्यासाठी माहिती मागवली होती. मी माझ्या आत्याचं नाव घेऊन गेले.

आत्या १९९१ च्या हिवाळ्यात, दहावीत असताना, शालेय स्पर्धेत बांबू उडी मारून आली. बांबू उडी म्हणजे पोल व्हॉल्ट, पण आमच्या घरात अजून कुणी पोल व्हॉल्ट म्हणत नाही. स्पर्धेत मुलींसाठी हा प्रकार नव्हताच. मुलांचा संपल्यावर तिच्या पीटीच्या सरांनी पंचांना गळ घातली, आणि उन्हं उतरता उतरता दोन मुलींनी 'प्रात्यक्षिक' म्हणून उड्या मारल्या. एक आत्या, दुसरी तिची मैत्रीण. सलवार पायाशी सुतळीनं बांधून.

समितीतल्या साहेबांनी विचारलं, "पदक कोणतं? विभाग, राज्य, राष्ट्रीय?" म्हटलं, प्रकारच नव्हता तर पदक कुठून येणार? तर म्हणाले, "प्रकारच नव्हता तर त्या खेळाडू कशा?"

मी तशीच परत आले. चिडून वाचायला बसले. पुरुषांची बांबू उडी ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून, म्हणजे पहिल्याच ऑलिंपिकपासून आहे. बायकांची आली २००० साली, सिडनीत. मध्ये १०४ वर्षं. तिथं अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलानं ४.६० मीटर मारून सोनं नेलं आणि 'पहिली' म्हणून तिचं नाव लागलं, ते योग्यच. पण बायकांचा जागतिक विक्रम अधिकृतपणे मोजायला सुरुवात होते ती १९९२ च्या आकड्यापासून. म्हणजे आत्यानं उडी मारली तेव्हा या खेळात बायकांचा अधिकृत जागतिक विक्रम नावाची गोष्टच नव्हती. आणि साहेब तिला जिल्ह्याचं प्रमाणपत्र मागतायत!

कागद काहीच नाही, असं आत्या म्हणते. तर प्रश्न असा: आद्य कुणाला म्हणायचं? जिंकली तिला, की आधी उडाली तिला?

कडबाकुट्टी

आमच्या गावात वढ्याला पाणी आलं की सगळेच बांबू उडीवाले. फलक लई मोठा लागंल.

आकडेमोड

धागा चांगला आहे, पण वाईटपणा घेऊन साहेबांची बाजू मांडतो.

"माझे आजोबा निजामासमोर कुस्ती जिंकले होते" असं सांगणारी चार घरं मला एकट्या आमच्या गल्लीत माहीत आहेत. निजामाला दुसरं काही काम नव्हतं काय? तोंडी सांगण्यावर फलक लावायला लागलं तर भिंत पुरणार नाही. तुमच्या आत्या खोटं बोलतात असं मुळीच म्हणत नाही. पण पुढचा माणूस खोटं बोलेल तेव्हा त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

शिवाय हा खेळच मापाचा आहे. आडवी काठी राहिली तर राहिली, पडली तर पडली. रशियाची येलेना इसिनबायेव्हा २२ जुलै २००५ ला लंडनमध्ये ५ मीटरवरून गेली, ती हे करणारी पहिली बाई. यावर वाद होऊच शकत नाही, कारण माप आहे, पंच आहेत, तारीख आहे. आत्यांची उडी किती होती?

गोदाकाठची

@आकडेमोड, तिला आठवत नाही. "सरांच्या डोक्याच्या वर होती, आणि सर उंच होते," एवढंच सांगते.

आकडेमोड

मग सरांची उंची शोधा. :)

माजी_पीटी

३१ वर्षं शिट्टी वाजवली, म्हणून या धाग्यावर थोडं बोलण्याचा हक्क मागतो. माझं लांबतं, आधीच सांगतो.

बांबू उडीचा बांबू दुकानात मिळत नसे. बुरुडाकडं जायचं आणि उभ्या काठ्यांतून निवडायचा. भरीव घेतला तर मुलाला उचलत नाही, फार पोकळ घेतला तर टेकवल्याबरोबर फाटतो. गाठी जवळजवळ असलेला, सरळ, चार मीटरच्या आसपासचा पाहायचा. मग तो सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला की चिरतो. हात धरायच्या जागी सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळायची, मध्ये मध्ये सुतळीचे वेढे द्यायचे, म्हणजे फुटला तरी सुऱ्या होऊन पोटात जायच्या नाहीत. खालच्या टोकाला टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकायचा. टेकवायची पेटी गावच्या सुताराकडून. नियमात ती मागच्या बाजूला २० सेंटीमीटर खोल असते, आमची सुताराच्या मूडप्रमाणे.

आणि पडायचं कशात? नदीची वाळू, वर सॉ मिलचा भुसा. भुसा मिळाला नाही त्या वर्षी कडब्याच्या पेंढ्या अंथरून वर ताडपत्री. आताच्या पोरांना फोमची गादी मिळते, त्यावर पाठीवर पडलं तरी चालतं. वाळूत पायांवरच उतरावं लागतं. त्यामुळं आडव्या काठीवर अंग उलटं टाकून जायचं धाडस कोण करणार? जुन्या उड्या कमी उंचीच्या दिसतात त्याचं एक कारण बांबू वाकत नाही हे, आणि दुसरं कारण खाली काय आहे हे.

आता मुलींचं. मुलींना हा प्रकार शिकवायला निघालो तर पालकसभेत दोन आक्षेप ठरलेले. एक, "पोरीच्या जातीला आतून धक्का बसतो." दुसरा, "त्यांच्या खांद्यात बळ नसतं." पहिला फक्त आपल्याकडचाच नाही, जगभर मोठमोठे शिकलेले लोक हेच बोलत होते, म्हणून तर ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ ला आली, तिहेरी उडी १९९६ ला, हातोडाफेक आणि बांबू उडी २००० ला, स्टीपलचेस २००८ ला. दुसऱ्या आक्षेपाचं मला हसू येई. त्याच पोरी सकाळी विहिरीवरून हातानं शेंदून पाणी आणत. दिवाळीच्या सुट्टीत दिवसभर कापूस वेचून ते गाठोडं डोक्यावर टाकून कोसभर चालत. आणि खांद्यात बळ नाही!

मीसुद्धा शिकवलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, लेझीम बसवा. मी लेझीम बसवली. हे कबूल करून टाकतो.

गोदाकाठची ताई, तुमच्या आत्याचे ते सर माझ्यापेक्षा मोठे.

फडताळ

_/\_ माजी_पीटी सर. बुरुडाकडून बांबू निवडण्यावर वेगळा लेख येऊ द्या.

पाथरवट

@आकडेमोड, तुमचं "माप आहे, पंच आहेत, तारीख आहे" पटलं. पण माप घ्यायला माणूस बसतो, तो आपोआप बसत नाही. त्याला कुणीतरी बसवावं लागतं. वही उघडायची की नाही हे ज्यांच्या हातात होतं त्यांनी ती ९० च्या दशकात उघडली, आणि पहिल्या ओळीवर चीनच्या सुन काययुनचे ४.०५ मीटर लिहिले, १९९२ चे. याचा अर्थ १९९२ च्या आधी जगात कुणी बाई काठी घेऊन उडालीच नाही?

एक गंमत सांगतो. डॉन ब्रॅग नावाचा अमेरिकन गडी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बांबू उडीचं सोनं जिंकला. त्याची बहीण डायेन १९५२ मध्ये २.५९ मीटर उडाली होती. बायकांमध्ये ती जगातली सर्वोत्तम उंची, आणि पुढं कितीतरी वर्षं तशीच राहिली. भावाचं नाव ऑलिंपिकच्या यादीत. बहिणीचं नाव आकडे गोळा करायचा नाद असलेल्या लोकांच्या टिपणांत.

आणि कागद असून काय होतं तेही बघा. खाशाबा जाधवांकडं तर १९५२ च्या हेलसिंकीचं ब्राँझ होतं, गावात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. अर्जुन पुरस्कार मिळाला मरणोत्तर. पद्म पुरस्काराची मागणी तर त्यानंतरही चालूच राहिली.

आकडेमोड

खाशाबांचं उदाहरण माझ्याच बाजूनं जातं. कागद होता म्हणून निदान मरणोत्तर तरी मिळाला.

पाथरवट

तुमच्याशी बोलणं म्हणजे बांबू नसताना बांबू उडी.

उडाणटप्पू

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या शाळेचा बांबू घेऊन आम्ही बसनं तालुक्याला चाललो होतो. बांबू आत मावेना. कंडक्टर म्हणाले, टपावर टाका. टपावर आधीच दोन सायकली, एक बकरं आणि वरातीतले बेंजोवाले. शेवटी बांबू बसच्या खिडक्यांतून आडवा घेतला, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीतून मागच्या शिटापर्यंत सगळ्यांच्या मांडीवरून. वाटेत एक आजी चढल्या. बांबूकडं पाहिलं आणि हात जोडले. त्यांना वाटलं कुणाच्या तरी तिरडीचं सामान आहे. "कोन गेलं रं बाबा?" आमचा खेळाडू म्हणाला, "आजी, अजून कुनी न्हाई. उडी चारला हाये."

कडबाकुट्टी

=)) =))

फिजिक्सवाली_बाई

माजी_पीटी सरांच्या कापसाच्या गाठोड्याला थोडा गणिताचा आधार देते. मी नांदेडला अकरावी-बारावीला शिकवते आणि हे उदाहरण दर वर्षी फळ्यावर सोडवते.

बांबू उडीत माणूस हातांच्या जोरावर वर जातो असं दिसतं. खरं काम पायांचं असतं. धावताना जमलेली ऊर्जा काठी उंचीत बदलून देते. समजा एक मुलगी सेकंदाला ८ मीटर वेगानं पळत येतेय. ८ चा वर्ग ६४, त्याला गुरुत्वाच्या दुपटीनं, म्हणजे १९.६ नं भागा: साधारण ३.२६ मीटर. तिच्या शरीराचा गुरुत्वमध्य आधीच जमिनीपासून मीटरभर वर आहे, तो मिळवा. सव्वाचार मीटर झाले. त्यापुढचं हातांनी ढकलणं, अंग उलटं करणं, काठीची निवड. आपल्याकडची तमिळनाडूची व्ही. एस. सुरेखा २०१४ ला ४.१५ उडाली, आणि तो राष्ट्रीय विक्रम रोझी मीना पॉलराजनं २०२२ मध्ये आधी ४.२० आणि मग ४.२१ करून मोडला. आकडे कसे जुळतात बघा.

फायबरच्या काठीनं काय केलं? बांबू टेकवताना बराचसा वेग खांद्याला हिसका देण्यात वाया जातो. फायबर वाकतं, हिसका पिऊन टाकतं आणि सरळ होताना परत देतं. म्हणून "खांद्यात बळ नाही" हा आक्षेप बांबूच्या काळात चुकीचा होता आणि फायबरच्या काळात हास्यास्पद.

जाता जाता: ऑस्ट्रेलियाची एमा जॉर्ज लहानपणी सर्कशीत कसरती करायची. तिनं १९९५ ते १९९९ मध्ये जागतिक विक्रम पुन्हा पुन्हा मोडला, शेवटचा ४.६०. ऑलिंपिक येईपर्यंत तिचा बहर ओसरला होता. आणि इसिनबायेव्हा मुळात जिम्नॅस्ट, उंची वाढली म्हणून १५ व्या वर्षी तिथून बाहेर पडली. तिनं २८ जागतिक विक्रम केले, खुल्या मैदानावरचा शेवटचा ५.०६ चा, झ्युरिकला, २००९ मध्ये. लोकांना इसिनबायेव्हा आठवते, थोड्यांना ड्रॅगिला आठवते. एमा जॉर्ज कुणालाच नाही, आणि माझ्या मते रस्ता तिनं केलाय.

बीडचा_बिब्बा

ऑलिंपिक, झ्युरिक, सर्कस... मंडळी, जमिनीवर या. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेस पळतो, २०२२ ला राष्ट्रकुलमध्ये रौप्य, २०२३ ला आशियाई सुवर्ण. आता सगळे त्याचे सख्खे. फ्लेक्सवर त्याच्या फोटोपेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा. धाराशिवची सारिका काळे खो-खोत अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली, २०२० ला. तेव्हा तिचं कौतुक करणाऱ्यांतल्या किती जणांनी तिला आधी मैदानावर पाहिलं होतं?

आपल्याकडं कौतुकाची पद्धत अशी आहे की आधी पुण्या-मुंबईनं म्हणायचं, मग दिल्लीनं, मग आपण हार घेऊन स्टेशनवर.

लातुरी_तडका

आमच्याकडं पॅटर्न शिकवणीचा. उडी फक्त मेडिकलवर.

बीडचा_बिब्बा

आणि पडलं की कोट्याच्या गादीवर.

काळी_माती

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

हा फलक कामून पाहिजे? ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, उद्घाटनाचा मांडव, जेवणावळ. त्या पैशात दोन-चार फायबरच्या काठ्या आल्या असत्या. माझी पुतणी सध्या बांबू उडी शिकतेय. एक काठी असून भागत नाही हो. काठी वजनावर चालते. पोरीचं वजन ४५ किलो असेल तर त्या वजनाची, वेग वाढला की जरा कडक, उंची वाढली की जरा लांब. पुतणीच्या ठिकाणी मुलामुलींत मिळून तीन काठ्या आहेत आणि एकीला बारीक तडा गेलाय. तडा गेलेली काठी वापरायची नसते, वाकवताना मोडली तर जीवावर बेततं. पण तिसरी तीच आहे, म्हणून कोपऱ्यात उभी करून ठेवलीय, "मोजायला असू द्या" म्हणून. तपासणीत काठ्या तीन भरतात.

गेलेल्यांचा मान ठेवा, पण आधी असलेल्यांच्या हातात काठी द्या.

पाथरवट

+१. पण दोन्ही एकाच खिशातून जातं असं कुणी सांगितलं?

अडीच_मीटर

कित्येक वर्षं नुसती वाचक आहे. आज खातं उघडलं ते या धाग्यासाठी.

मी २००५ मध्ये विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बांबू उडी मारली. माझी उंची नावात लिहिलीच आहे, म्हणजे उडीची. एकूण आम्ही मुली तिघी होतो, त्यातली एक आयत्या वेळी आलीच नाही, त्यामुळं मला दुसरा नंबर नक्की होता. तरी रात्रभर झोप नाही. काठी तिथल्याच एका मुलाची, माझ्या वजनापेक्षा कितीतरी कडक. ती वाकलीच नाही. माझ्यासाठी ती बांबूच होती म्हणा. पहिल्या दोन उड्यांत काठीनं मला उभं केलं आणि आली त्या वाटेनं परत मागं टाकलं. धावपट्टीवर पाठीवर पडले. तिसऱ्या उडीला डोळे मिटले होते की काय आठवत नाही, उघडले तेव्हा गादीवर होते आणि आडवी काठी वर तशीच होती.

घरी सांगायची पंचाईत. सरांनी इसिनबायेव्हाचं पेपरातलं कात्रण दिलं होतं, आदल्या वर्षी अथेन्सला तिनं सोनं जिंकलं तेव्हाचं. मी वडलांना दाखवलं. वडील वाईट नव्हते. बराच वेळ कात्रण बघितलं आणि म्हणाले, "पोरी, ती रशियाची आहे."

काळी_माती दादा, तुमच्या पुतणीला काठीच द्या, दुमत नाही. पण मला तेव्हा गोदाकाठची ताईंच्या आत्या माहीत असत्या तर वडलांना शेजारच्या जिल्ह्यातली दाखवता आली असती.

हां, एक राहिलं. माझ्या प्रमाणपत्रावर 'उंच उडी' लिहिलंय. छापील यादीत बांबू उडी नव्हतीच. लिहिणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, उंचच असती की उडी. काय फरक पडतो?" मी भांडले नाही. नोकरीच्या वेळी ते दाखवलं तेव्हा मुलाखत घेणारे माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत होते. मी पाच फूट एक इंच आहे.

माजी_पीटी

हे शंभर टक्के खरं. आमच्याकडं प्रमाणपत्रांचे गठ्ठे छापून येत. 'धावणे / लांब उडी / उंच उडी / गोळाफेक / थाळीफेक' आणि खाली बारीक अक्षरांत 'नको ते खोडा'. जे छापलेलंच नाही ते कसं ठेवणार? मुलांच्या बांबू उडीलासुद्धा आम्ही 'उंच उडी' ठेवून पुढं पेनानं 'बांबू' लिहायचो. तेही कुणाला आठवलं तर.

गोदाकाठची ताई, आत्याकडं कागद नाही म्हणजे बांबू उडीचा कागद नाही, की कागदच नाही?

गोदाकाठची

सर, अंगावर काटा आला. आज रात्रीच बाबांना फोन करते.

फिजिक्सवाली_बाई

वाट बघतेय.

कडबाकुट्टी

चार दिस झाले ताई. सापडलं का न्हाई? आमी हितं कडबा अंथरून बसलाव.

गोदाकाठची

माफ करा, गावाकडं गेले होते.

आत्याची पत्र्याची पेटी माहेरीच आहे. बाबांनी ती पीकविम्याची कागदं शोधायला दोनदा उपसली होती आणि 'शाळेचं काहीतरी' म्हणून हे बाजूला ठेवलेलं. एक पिवळा कागद, घडीवर फाटलेला. शिक्का अर्धा उडालाय, पण साल वाचता येतं, १९९१. वर छापलंय 'प्रशस्तिपत्र'. आत्याचं माहेरचं पूर्ण नाव. धावणे खोडलंय, लांब उडी खोडलंय, गोळाफेक, थाळीफेक खोडलंय. 'उंच उडी' ठेवलंय. क्रमांकाच्या जागी 'उत्तेजनार्थ'. आणि पुढं निळ्या शाईत '२.२० मी. (अक्षरी दोन मीटर वीस सेंमी)'. खाली दोन सह्या.

म्हणजे माजी_पीटी सर म्हणाले तसंच. पण यात बांबू शब्द कुठंच नाही. साहेब म्हणतील, ही तर उंच उडी, आणि तीही उत्तेजनार्थ. हातात येऊन गेल्यासारखं वाटतंय.

आकडेमोड

थांबा. थांबा थांबा.

२.२०? नीट बघा, १.२० चं कुणी २.२० केलेलं नाही ना?

गोदाकाठची

अक्षरी लिहिलंय हो. 'दोन मीटर वीस'. फोटो काढलाय, तुम्हाला वेगळा पाठवते.

आकडेमोड

फोटो पाहिला. खाडाखोड नाही. आता सगळ्यांनी बसून घ्या.

१९९१ मध्ये बायकांच्या उंच उडीचा जागतिक विक्रम होता २.०९ मीटर, बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्तादिनोव्हाचा, १९८७ ला रोममध्ये केलेला. तो ३७ वर्षं कुणाला मोडता आला नाही. युक्रेनच्या यारोस्लावा महुचिखनं २०२४ च्या जुलैत पॅरिसला २.१० केला तेव्हा कुठं मोडला. भारताचा राष्ट्रीय विक्रम सहाना कुमारीचा, १.९२.

२.२० मीटर उंच उडी पृथ्वीच्या पाठीवर आजपर्यंत एकाही बाईनं मारलेली नाही. आणि या कागदाप्रमाणं दहावीतल्या एका मुलीनं ती सलवारीला सुतळी बांधून मारली, आणि पंचांनी तिला उत्तेजनार्थ दिलं!

एकतर आत्यांनी जागतिक विक्रम केलाय, नाहीतर त्यांच्या हातात काठी होती. तिसरी शक्यता नाही. लांब उडी म्हणाल तर ती खोडलेली आहे, आणि लांब उडी २.२० तर आमची शेळीही मारते. कागदावर बांबू लिहिलेलं नाही, पण आकडाच बांबू आहे.

मी शब्द मागं घेतो. सगळे नाही, कागद लागतो हे मागं घेत नाही. पण कागद वाचताही आला पाहिजे, हे माझं राहिलं होतं.

पाथरवट

आकडेमोड साहेब, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला दंडवत.

कडबाकुट्टी

मंजी आत्यानं २०२४ चा इक्रम १९९१ लाच मोडला. पेढे कुठायत?

उडाणटप्पू

सरांची उंची शोधायची राहिली, पण आता गरज नाही. २.२० म्हणजे सरांच्या डोक्याच्या वरच.

अडीच_मीटर

गोदाकाठची ताई, मी ऑफिसात बसून रडतेय आणि शेजारच्या टेबलावरचे विचारतायत घरी सगळं ठीक ना.

काळी_माती

हे छापून पुतणीला देतो. काठ्यांचं म्हणणं कायम आहे.

गोदाकाठची

अर्ज टाकला. आकडेमोड दादांनी मजकूर बसवून दिला, दोन्ही विक्रमांचे आकडे घालून. आता अर्ज ऑनलाइन आहे. 'क्रीडा प्रकार' या रकान्यात यादीतून निवडायचं होतं. बांबू उडी नाही. पोल व्हॉल्टही नाही. मी 'इतर' निवडलं. हसावं की रडावं कळेना.

पण लिहायचं वेगळंच आहे. आत्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पण पहिली मी नव्हते गं."

म्हटलं, म्हणजे?

तर म्हणे दोघींत आधी कुणी उडायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मैत्रिणीची निघाली. ती आधी उडाली, मग आत्या. बांबूही मैत्रिणीच्याच घरचा, तिचे वडील बुरुडकाम करायचे. सरांनी तो त्यांच्याकडून निवडून घेतला होता. "तिचं नाव वर लिही, माझं खाली," असं म्हणून फोन ठेवला.

मैत्रीण कुठंय? आत्याला एवढंच माहीत की दहावी होताच लग्न झालं आणि ती नांदेडकडं गेली. सासरचं आडनाव माहीत नाही. तिच्याकडं तिचा कागद असेल की नाही, देव जाणे. आता काय करू? अर्ज तर गेलाय.

फिजिक्सवाली_बाई

मी नांदेडलाच आहे. पण नुसत्या पहिल्या नावावर या वयाच्या बाई शोधायच्या म्हणजे अवघड. माहेरचं पूर्ण नाव आणि गाव मिळालं तर नात्यागोत्यातून काहीतरी निघेल.

माजी_पीटी

शाळेचं जनरल रजिस्टर. प्रवेशाचं नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख, गाव, शाळा सोडल्याची तारीख, सगळं एका ओळीत असतं. ते रजिस्टर शाळा कायमचं जपते. दोघी एकाच वर्गात होत्या तर पान फार लांब नसणार.

आकडेमोड

दहावीचं साल?

गोदाकाठची

मार्च १९९२.

आकडेमोड

बुधवारी मी कामासाठी तुमच्याकडंच येतोय. शाळा उघडायच्या वेळेला पोचतो. तुम्ही आत्यांना घेऊन या, नाव ओळखायला त्या लागतील. मुख्याध्यापकांना द्यायचं पत्र मी लिहून आणतो.

कडबाकुट्टी

येताना बांबू आनू नगा म्हंजी झालं. बसमधी आज्या हात जोडत्यात.